सशाच्या केसांची झिलई

चीनच्या फुजियान प्रांतातल्या जियान भट्ट्यांत सोंग राजवटीत (इ.स. ९६०–१२७९) चहाचे काळे वाडगे भाजले जात. आत डोकावलं, की काठापासून तळाकडे तांबूस, बारीक रेघा दिसतात, हुबेहूब सशाचे केस! हे कुंचल्याचं काम नव्हे. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला लोहयुक्त झिलई वितळते, बुडबुडे लोह पृष्ठभागावर आणतात आणि झिलई ओघळताना त्याच्या रेघा होतात. झिलई फारशी ओघळली नाही, तर तेलाच्या थेंबांसारखे रुपेरी ठिपके उरतात. २०१४ साली या झिलईत संशोधकांना एप्सिलॉन लोह ऑक्साइड सापडलं. हे दुर्मीळ चुंबकीय रूप प्रयोगशाळेत शुद्ध बनवणं आजही जिकिरीचं आहे. जियानच्या कुंभारांनी ते लाकडाच्या जाळावर घडवलं, याचं मला अतोनात कौतुक वाटतं.