दप्तर बुडू नये म्हणून

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपा हे गाव आज पाहू जाणाऱ्यास तेथे केवळ जलाशय दिसतो. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव, गणेशगुडीनजीक काळी नदीवर बांधलेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयडा येथे गेली, पुष्कळ कुटुंबे रामनगरला नव्याने वसली, आणि पूर्वी सुपा म्हणून ओळखला जाणारा तालुकाही जोयडा या नावाने ओळखला जाऊ लागला. माणसे हलविता आली. जमीन हलविता येत नाही. ती कोणाची होती, तिचे वारस कोण, हे सांगणारे साधन मग एकच उरते, आणि ते म्हणजे कचेरीचे दप्तर.

हे दप्तर पूर्वी रुमालात बांधलेले असे. या शतकाच्या आरंभी कर्नाटक सरकारने ‘भूमी’ योजनेखाली राज्यातील सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी जमीनउतारे संगणकावर घेतले. तालुका कचेरीत पंधरा रुपये भरले की छापील पहाणीपत्रक, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा, हाती पडू लागला. हाताने लिहिलेला उतारा यापुढे ग्राह्य नाही असेही ठरले. सुरुवातीस प्रत्येक तालुक्याचे दप्तर त्या त्या कचेरीतील यंत्रावर असे; पुढे ते राज्याच्या मध्यवर्ती संग्रहाशी जोडले गेले. परंतु पतपेढ्या, शाळा, देवस्थाने आणि महाराष्ट्राबाहेरील आपली मंडळे यांपैकी अनेकांच्या कचेरीत अजूनही एका कोपऱ्यात एखादा जुना सर्व्हर घरघरत असतो, आणि संस्थेचा सारा इतिहास त्याच्या पोटात असतो. तो एके दिवशी उठेनासा झाला तर काय करावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम या यंत्राची नाजूक जागा ओळखू. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकत्यांची चळत. ती मिनिटाला बहुधा ७२०० वा त्याहून अधिक फेरे घेते, आणि वाचणारा शीर्षभाग तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत राहतो. एवढ्या फटीत धुळीचा कणही धोंड्यासारखा ठरतो. ही झीज आधी कळेलच असेही नाही. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी भरवशाच्या चार निदर्शकांपैकी एकावरही पूर्वसूचना दिली नव्हती, असे आढळले.

तथापि यंत्र उठले नाही की दोष डिस्कचाच, असे समजण्याचे कारण नाही. जोयड्यासारख्या घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो. दमट हवा, विजांचा कडकडाट आणि विजेचा लपंडाव यांनी आधी इतर भागच थकतात. वीजपुरवठ्याचा डबा खराब होतो, जोडणीची वायर ढिली पडते, स्मृतीची पट्टी आपल्या खाचेत गंजते. मुख्य पाटीवरची रुपयाएवढी बॅटरी संपली तर यंत्र तारीख विसरते, आणि डिस्का कोणत्या पद्धतीने जोडल्या आहेत हेही विसरते. अशा वेळी चांगली डिस्क रोगी समजून फेकली जाते. म्हणून पडद्यावरील अक्षरे, दिव्यांचे रंग आणि येणारा आवाज हे सारे प्रथम कागदावर टिपून ठेवावे, आणि स्वस्त भाग आधी तपासावेत.

संशय डिस्कवरच स्थिरावला, तर पहिला नियम असा, की यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. मरणोन्मुख डिस्कचे थोडेच फेरे शिल्लक असतात; ते चाचण्यांत दवडावयाचे नसतात. टकटक वा खरखर ऐकू आली तर तत्काळ वीज तोडावी. डिस्क उघडणे, ठोकणे किंवा शीतकपाटात ठेवणे हे उपाय कोणी सुचविले तरी करू नयेत; गारव्याने आत दव धरते. असे काम धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञाचेच.

आवाज नसेल आणि डिस्क अडखळत का होईना वाचत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीची आज्ञावली चालवू नये. तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य आज्ञावली आहे. ती सुरळीत वाचता येणारा भाग आधी उचलते आणि बिघडलेल्या जागांकडे मागाहून वळते. पुढचे सारे प्रयोग नकलेवर करावेत.

मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक डिस्का एकत्र बांधलेल्या असतात. ‘रेड’ नावाच्या या रचनेचे विवेचन बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली केले. एक डिस्क गेली तरी उरलेल्या काम सांभाळतात, आणि नेमका तेथेच घात होतो. नारिंगी दिवा महिनोन्‌महिने लागलेला असतो, कोणी पाहत नाही, आणि त्याच वयाची दुसरी डिस्क बसली की सारे संपते. डिस्का बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीवर जागेचा क्रमांक चिकटवावा, आणि नवी डिस्क घालून पुनर्रचना करण्यापूर्वी उरलेल्या मजकुराची प्रत काढून घ्यावी. कारण पुनर्रचनेचा ताणच जुन्या डिस्कला अखेरचा ठरू शकतो.

मजकूर हाती आला तरी जुनी कार्यप्रणाली नव्या यंत्रावर चालतेच असे नाही. तेव्हा जुन्या सर्व्हरची संपूर्ण प्रतिमा नव्या यंत्रात आभासी संगणक म्हणून चालविता येते. जुने घर नव्या वाड्याच्या ओसरीवर जसेच्या तसे मांडावे, तसा हा प्रकार. त्यामुळे सवडीने स्थलांतर करण्यास उसंत मिळते.

ज्यांचे यंत्र आज धडधाकट आहे त्यांनी मात्र आजच तीन प्रती कराव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली, तेव्हा अनेक खात्यांचे कागद एका दिवसात भस्मसात झाले. एका छपराखालच्या सर्व प्रती शेवटी एकच प्रत ठरतात. आणि प्रत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून दोनदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, एखादे जुने खाते त्यातून वाचून पाहावे.

सर्व्हरची किंमत बाजारात मिळते. आजोबांच्या नावची नोंद, देणगीदारांची यादी, बुडालेल्या शेताचा उतारा यांना बाजारभाव नाही. म्हणून बिघाडाच्या घटकेला यंत्र वाचविण्याची घाई न करता आधी दप्तर वाचवावे. आपापल्या मंडळाच्या पुढील बैठकीत, आपल्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा उघडली, एवढे दोन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत, अशी आमची विनंती आहे.