गिलेस्पी रोड ते आर्सेनल

लंडनच्या उत्तर भागात, घरांच्या ओळीत बेमालूम बसलेले आर्सेनल हे भुयारी रेल्वेचे स्थानक प्रथमदर्शनी इतके लहान भासते की, सामन्याच्या दिवशी हजारो प्रेक्षक याच दारातून ये-जा करतात, यावर नवख्या माणसाचा सहसा विश्वास बसत नाही. १५ डिसेंबर १९०६ रोजी ते सुरू झाले तेव्हा शेजारच्या रस्त्यावरून त्याला गिलेस्पी रोड हे नाव मिळाले होते, आणि फुटबॉलशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो संबंध जुळवला आर्सेनल फुटबॉल संघाचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी. थेम्सच्या दक्षिणेस प्रेक्षकांअभावी हलाखीत सापडलेल्या आपल्या संघासाठी नवा मुक्काम शोधताना, जिच्या उंबरठ्याशी रेल्वे आहे अशी हायबरीची जमीन त्यांनी एका धर्मशास्त्र महाविद्यालयाकडून भाडेपट्ट्याने मिळवली, आणि १९१३ साली संघ तेथे आला.

पुढे १९२५ मध्ये व्यवस्थापकपदी आलेले हर्बर्ट चॅपमन हे मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ. संघाचे नाव शहराच्या प्रत्येक नकाशावर नि तिकिटावर छापले गेले तर त्याहून मोठी प्रसिद्धी नाही, हे ओळखून त्यांनी रेल्वेच्या कारभाऱ्यांपाशी नामांतराचा आग्रह धरला. तिकिटे, नकाशे, फलक सारेच बदलावे लागणार असूनही त्यांनी तो तडीस नेला, आणि ३१ ऑक्टोबर १९३२ पासून स्थानक आर्सेनल झाले. अवघ्या पंधरा महिन्यांत चॅपमन निवर्तले. एखाद्या व्यवस्थापकाची कर्तबगारी चषकांवरून मोजण्याचा प्रघात आहे. मला मात्र हे नामांतर त्यांच्या कोणत्याही चषकाइतकेच मोलाचे वाटते.

फलाटाच्या भिंतीवरील फरशांत गिलेस्पी रोड ही जुनी अक्षरे आजही शाबूत आहेत. येथे उद्वाहक नाही, सरकता जिनाही नाही. रस्त्यापासून फलाटापर्यंत एक लांब, उतरता बोगदा जातो, आणि गर्दीचा लोंढा येणाऱ्या-जाणाऱ्यांत गुंतू नये म्हणून त्याच्या लांबीभर कठड्याने दोन असमान वाटा पाडलेल्या आहेत. लोकांना आवरण्याचा इतका साधा आणि टिकाऊ बंदोबस्त मोठमोठ्या स्थानकांतही क्वचितच आढळेल.

२००६ साली संघ हायबरी सोडून रेल्वेमार्गापलीकडील एमिरेट्स मैदानावर गेला आणि जुन्या मैदानाच्या जागी निवासी सदनिका झाल्या. परंतु नवे मैदानही पायी जाण्याच्याच अंतरावर असल्याने स्थानकाचे नाव बदलण्याचे कारण उरले नाही.