ग्लॅमरचे कूळ व्याकरणाचे

इंग्रजीतील ‘ग्लॅमरस’ हे विशेषण मराठी वृत्तपत्रांच्या चित्रपटविषयक पानांवर इतके रुळले आहे की, त्याला प्रतिशब्द शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. हा झगमगता शब्द ‘ग्रामर’च्या, म्हणजे विद्यार्थ्यांना सर्वांत नीरस वाटणाऱ्या विषयाच्या पोटी जन्मला, हे वर्गात सांगितल्यास कोणाचा विश्वास बसणार नाही.

ग्रीक भाषेत ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लॅटिनमध्ये ‘ग्रामाटिका’ झाली. मध्ययुगीन युरोपात तिचा अर्थ नामे व क्रियापदे एवढाच नव्हता. लॅटिन ग्रंथांतील विद्या असाही तिचा व्यापक अर्थ होता. ही विद्या मूठभरांच्या, मुख्यतः धर्मगुरूंच्या हाती. ज्याला अक्षरओळखच नाही, त्या शेतकऱ्याला पोथी वाचणारा आणि मंत्र घालणारा यांत फरक तो काय दिसणार? जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाला जादूटोण्याचा अर्थ चिकटला तो असा. मंत्रतंत्राच्या पोथीला फ्रेंच लोक आजही ‘ग्रिम्वार’ म्हणतात. तो याचाच सख्खा भाऊ.

स्कॉटलंडात ‘र’चा ‘ल’ झाला. अठराव्या शतकात तेथे ‘ग्लॅमर’ म्हणजे चक्क नजरबंदी. रॉबर्ट बर्न्स याने १७८९ च्या एका कवितेत ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रामर’ यांचे यमक जुळवून दोघांनाही काळ्या विद्येच्या पंगतीस बसविले आहे. पुढे वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने हा शब्द सर्वत्र पोहोचविला. विशेषण आले मागाहून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; तारेतारकांचा संबंध तर हॉलिवूडने जोडलेला.

‘चार्मिंग’चे मूळही ‘कार्मेन’ या लॅटिन शब्दात, म्हणजे गीतात किंवा मंत्रातच आहे. आपली ‘मोहिनी’ तरी कुठे वेगळी? परंतु तेथे मोह सुरांचा वा रूपाचा. ‘ग्लॅमर’मध्ये आहे तो निरक्षराला वाटणारा अक्षराचा दरारा. हा दरारा महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. पुण्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा उसळलेल्या विरोधामागे अक्षर काहींपुरतेच राखण्याची वृत्ती होती. आजही एखाद्या कचेरीत कोणी सफाईदार इंग्रजी बोलू लागला की समोरचे गप्प होतात, आणि तो बोलला त्यात तथ्य किती, हे विचारायचे राहून जाते. ‘ग्लॅमर’चा जुना स्कॉटिश अर्थ नेमका हाच!

व्याकरणाने मात्र आपला हक्क अद्याप सोडलेला नाही. ‘ग्लॅमर’च्या स्पेलिंगात ‘यू’ असतो, विशेषणात तो गळतो. आणि विद्यार्थ्याने तो ठेवला की शिक्षकांची तांबडी पेन्सिल तेथे हमखास थांबते.