इस्तंबूलच्या गल्लीतल्या कुत्र्याशी दोस्ती करायची तर आधी त्याच्या कानाकडे बघा

लंडन, बर्लिन किंवा टोरांटोला राहायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. रस्त्यावर कुत्रंच नसतं. जे दिसतं ते पट्ट्याला बांधलेलं आणि अंगात स्वेटर घातलेलं. इस्तंबूलला गेलात तर हा प्रश्न येत नाही. तिथे बँकेच्या दारात, मशिदीच्या आवारात, फेरीबोटीच्या धक्क्यावर आणि कधीकधी महागड्या दुकानाच्या पायरीवरही एखादं धिप्पाड कुत्रं तंगड्या पसरून झोपलेलं असतं. लोक त्याला ओलांडून जातात. त्याला उठवत कुणी नाही.

२०२१ साली याच शहरातला एक कुत्रा जगभर गाजला होता. त्याचं नाव बोजी. हा गडी मेट्रो, ट्राम आणि फेरीबोटीने रोज फिरायचा. पालिकेने त्याच्यावर ट्रॅकर लावला तेव्हा कळलं की साहेब दिवसाला ३० किलोमीटरपर्यंत प्रवास करतात. पुढे ट्रामच्या सीटवर घाण सापडली आणि त्याचं खापर बोजीवर फोडण्यात आलं. पण सीसीटीव्ही तपासल्यावर भलतंच निघालं. एका माणसाने खिशातून ती घाण काढून सीटवर ठेवली होती. बोजी निर्दोष सुटला आणि नंतर त्याला कायमचं घरही मिळालं.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यात या शहराचे दोन्ही चेहरे दिसतात. कुत्र्यावर जीव लावणारे आहेत, तसे त्याला शहराबाहेर काढू पाहणारेही आहेत. नोकरीसाठी, शिक्षणासाठी तिथे राहायला जाणाऱ्या माणसाने गल्लीतल्या कुत्र्याला पहिला घास टाकण्याआधी हे भांडण समजून घेतलेलं बरं. कारण त्याची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

तिथली कुत्री रस्त्यावर राहिली कशी?

ऑटोमन काळात इस्तंबूल हे ‘महल्ले’ या हिशोबाने चालायचं. महल्ले म्हणजे आपला मोहल्ला, शब्दही एकच. प्रत्येक महल्लेची स्वतःची कुत्री असायची. ती कचरा संपवायची आणि रात्री परका माणूस आला की भुंकायची. कुत्र्याची लाळ अशुद्ध मानली जात असल्याने त्याला घरात घेत नसत, पण दारातल्या कुत्र्याला अन्नपाणी देणं पुण्याचं समजलं जायचं. त्यामुळे कुत्रं घरातलं नाही आणि बेवारसही नाही, अशी मधली जागा तयार झाली. आपल्याकडे गावात ‘आळीतलं कुत्रं’ म्हणतात, तोच प्रकार. मार्क ट्वेनने १८६९ च्या आपल्या प्रवासवर्णनातही या शहराच्या कुत्र्यांवर बरंच लिहिलंय.

मग १९१० साल आलं. शहराला ‘आधुनिक’ करायचं ठरलं आणि हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड, खडकाळ बेटावर नेऊन सोडण्यात आली. तिथे ना अन्न होतं ना गोडं पाणी. बेटावरून येणारा आक्रोश किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचा असं सांगतात. कुत्री भुकेने, तहानेने आणि एकमेकांना खाऊन मेली. या घटनेवरच्या एका लघुपटाला २०१० साली कान महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. शंभर वर्षं उलटली तरी तुर्कस्तानात कुत्र्यांचा विषय निघाला की त्या बेटाचं नाव निघतंच.

२००४ साली ५१९९ क्रमांकाचा प्राणी संरक्षण कायदा आला. पालिकेने कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानात बिल्ला ठोकायचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, अशी ती पद्धत. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, तसाच प्लास्टिकचा बिल्ला तिथल्या कुत्र्यांच्या कानात दिसतो.

म्हणून शीर्षकात म्हटलं, आधी कानाकडे बघा. बिल्ला असेल तर हे कुत्रं एकदा तरी डॉक्टरच्या हातून गेलंय. नसेल तर ते नवीन आहे, तरुण आहे किंवा कुणीतरी हौसेने पाळून नंतर सोडून दिलेलं आहे. मात्र बिल्ला म्हणजे ‘आजच्या तारखेला लस चालू आहे’ असं प्रमाणपत्र नव्हे. लसीचा असर ठरावीक काळच टिकतो आणि पुढचा डोस झालाय की नाही, हे बिल्ला सांगत नाही.

ओळख कशी करायची?

आधी भाषा. आपण कुत्र्याला ‘यू यू’ म्हणून बोलावतो आणि ‘हाड’ म्हणून हाकलतो. तुर्की कुत्र्याला यातलं काही कळत नाही. त्याला ‘कुचू कुचू’ म्हणून बोलावतात आणि ‘होश्त’ म्हणून हाकलतात. ‘गेल’ म्हणजे ये. आणि कुत्र्या-मांजराच्या खाण्याला तिथे ‘मामा’ म्हणतात. दुकानात जाऊन ‘मामा आहे का’ विचारायला मराठी माणसाला पहिल्यांदा अवघड जातं, पण सवय होते.

आता देहबोली. इस्तंबूलची बरीच कुत्री आकाराने मोठी असतात, मेंढपाळांच्या कांगाल कुत्र्यासारखा चेहरामोहरा असलेली. आपल्या गल्लीतल्या सडपातळ कुत्र्यांची सवय असलेला माणूस आधी दचकतोच. दचकायला हरकत नाही, पळायचं नाही. समोरून चालत जाऊन डोक्यावर हात ठेवणं ही माणसांची पद्धत झाली, कुत्र्याला त्यात धमकी दिसते. थोडं अंतर ठेवून, अंग जरा तिरकं करून उभं राहा. डोळ्यात डोळे घालू नका. त्याला यायचं असेल तर ते येईल, हात हुंगेल. मग मानेच्या बाजूला किंवा छातीला खाजवा.

शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, हा समज धोक्याचा आहे. ताठ, उंच धरलेली आणि भराभर हलणारी शेपूट तणावाचीही असू शकते. सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, अंग एकदम गोठवणं, यातलं काही दिसलं तर मागे व्हा. झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, मग ती रोजच्या ओळखीची का असेना. रात्री टोळी अंगावर आली तर जागेवर उभं राहायचं, हात अंगाला चिकटवायचे, नजर खाली आणि हळूहळू बाजूला सरकायचं. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे कुत्र्याच्या रक्तात आहे.

खायला काय द्यायचं?

आपला हात आपोआप बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. साखर आणि मैदा कुत्र्याच्या काही कामाचे नाहीत, आणि मोठ्या कुत्र्याला दूध अनेकदा पचत नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका तर विषारीच. म्हणजे आपली कांदा-लसणाची रस्साभाजी उरली म्हणून खाली नेऊन ओतणं ही दया नाही. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. साधं कोरडं श्वानखाद्य बरं. उन्हाळ्यात तर खाण्यापेक्षा स्वच्छ पाण्याचं भांडं जास्त उपयोगी. २०१४ मध्ये इस्तंबूलात एका कंपनीने रस्त्यावर यंत्रं बसवली होती, ज्यात प्लास्टिकची रिकामी बाटली टाकली की खाली कुत्र्यांसाठी खाद्य पडायचं. कल्पना झकास होती, पण रोजचं पोट अशा यंत्रांवर नाही, गल्लीतल्या माणसांवर चालतं.

आणि हीच माणसं आधी गाठायची. इस्तंबूलच्या जवळपास प्रत्येक गल्लीत कुत्र्यांचं बघणारी एखादी ‘तेय्झे’ असते. तेय्झे म्हणजे मावशी. कोपऱ्यावरचा किराणावाला तिची गाठ घालून देईल. कोणतं कुत्रं आजारी आहे, कुणाची नसबंदी राहिलीय, कोण चावरं आहे, हे तिला तोंडपाठ असतं. परदेशी माणूस स्वतःच्या हौसेने वेगळ्या कोपऱ्यावर, वेगळ्या वेळी खाऊ घालायला लागला तर दोन टोळ्यांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात, मारामाऱ्या होतात, शेजारी तक्रार करतात. आणि तक्रार झाली की पालिकेची गाडी येते.

दुसरी अडचण आपल्या बाजूची. आपण तिथे दोन-तीन वर्षांसाठी असतो. रोज संध्याकाळी सातला दारात बसायची सवय लागलेलं कुत्रं आपण परत निघालो हे जाणत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की एकट्याने दहा कुत्र्यांना खाऊ घालण्यापेक्षा तेय्झेच्या खाद्याच्या पोत्याला हातभार लावावा आणि एका कुत्रीच्या नसबंदीचा खर्च उचलावा. आपण गेल्यावरही ते काम टिकतं. इस्तंबूल महापालिकेचा ‘वेटबुस’ नावाचा फिरता दवाखानाही आहे, त्याचं वेळापत्रक अशा मावशांनाच ठाऊक असतं.

चावलं तर?

इथे गंमत नाही. तुर्कस्तानात रेबीज आहे. लक्षणं दिसू लागली की तो जवळपास शंभर टक्के जीवघेणा. जखम छोटी असो, नुसता ओरखडा असो किंवा फुटलेल्या कातडीवर कुत्र्याने चाटलेलं असो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून १५. हळद, तिखट, चुना असलं काही भरायचं नाही. मग थेट सरकारी रुग्णालय, त्याच दिवशी. तातडीचा नंबर ११२. लक्षणं यायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा तर कधी वर्ष. ‘पंधरा दिवस झाले, काही झालं नाही’ हा हिशोब म्हणून फसवा आहे. कुत्र्यांत वावरायचं पक्कं असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरकडून प्रतिबंधक लस घ्यावी. नंतर चावलं तरी उपचार लागतातच, पण ते कमी आणि सोपे होतात.

२०२४ मध्ये काय बदललं?

तुर्कस्तानात सुमारे ४० लाख भटकी कुत्री असल्याचा सरकारी अंदाज होता. चावण्याचे आणि अपघातांचे प्रकार वाढले, त्यात लहान मुलं दगावली. मुलं गमावलेल्या आईबापांनी रस्त्यावर उतरून कायदा मागितला. हा राग खोटा नव्हता, हे प्राणिप्रेमींनीही मान्य करायला हवं. ३० जुलै २०२४ ला संसदेने नवा कायदा मंजूर केला. आता पालिकांनी कुत्री उचलायची, नसबंदी-लसीकरण करायचं आणि ती परत न सोडता कुणी दत्तक घेईपर्यंत निवारा केंद्रातच ठेवायची. असाध्य आजारी किंवा माणसाला धोकादायक ठरलेल्या कुत्र्यांना मारण्याची मुभाही त्यात आहे. केंद्रं उभारायला २०२८ अखेरपर्यंत मुदत आहे, आणि काम टाळणाऱ्या महापौराला तुरुंगवासाची तरतूद. मेख अशी की कायदा आला तेव्हा देशभरातल्या केंद्रांत मिळून जागा होती साधारण एक लाख कुत्र्यांची. ४० लाख आणि एक लाख, यातलं अंतर कसं भरून निघणार, यावरूनच लोक मोर्चे काढत होते. विरोधी पक्ष घटनात्मक न्यायालयात गेला, पण मे २०२५ मध्ये ती मागणी फेटाळली गेली.

आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली कुत्री उचलून केंद्रात ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी लस दिलेली, आजारी वा आक्रमक नसलेली कुत्री परत सोडायची मुभा दिली. तुर्कस्तानात मात्र असं वळण आलं नाही.

याचा आपल्या दोस्तीशी संबंध काय? कानातला बिल्ला पूर्वी त्या कुत्र्याचा गल्लीत राहण्याचा परवाना होता, आता तो उरलेला नाही. अंमलबजावणी पालिकेगणिक वेगळी आहे. एका भागात कुत्री अजून पायरीवर झोपलेली दिसतात, दुसऱ्या भागातून गायब झालेली असतात. उघड्यावर खाऊ घालण्याबाबतचे नियमही जागेनुसार बदलतात, म्हणून विचारून घ्या. आणि गल्लीतलं कुत्रं दिसेनासं झालं तर पहिल्या एक-दोन दिवसांत त्या भागातल्या पालिकेच्या निवारा केंद्रात जाऊन चौकशी करा. यासाठी कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो आणि बिल्ल्यावरचा नंबर मोबाइलमध्ये आधीच असावा. केंद्रातून त्याला बाहेर काढायचा एकच रस्ता आहे, कुणीतरी दत्तक घेणं.

तो कुणीतरी आपणच असलो तर पुढचा हिशोबही आधी करून ठेवावा. तुर्कस्तानातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि तो उत्तीर्ण झाला तरी नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे चार महिने गेलेच. भारतात आणायचं असेल तर सलग दोन वर्षं परदेशात राहून मुक्काम इकडे हलवणाऱ्यांनाच सामानासोबत जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी आणता येतात. त्यासाठी पशु विलगीकरण खात्याचं ना-हरकत पत्र आधी लागतं आणि मुंबईसारख्या ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. बदलीचं पत्र हातात पडल्यावर धावाधाव सुरू केली तर कुत्रं मागे राहतं, म्हणून चिप आणि लस दत्तक घेतल्याच्या आठवड्यातच उरकून टाकावी आणि कागदांची एक प्रत तेय्झेकडे ठेवावी.