मांजर आपल्याला वाचते. आपण मांजराला वाचतो का?

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ या म्हणीने मांजराला कायमचे लबाड ठरवून टाकले आहे. कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर फक्त घराला, असाही समज आहे. अलीकडच्या संशोधनातून मात्र निराळेच चित्र समोर येते.

इटलीतील मिलान विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांसमोर फिती लावलेला, फडफडणारा पंखा ठेवण्यात आला होता. ७९ टक्के मांजरांनी पंख्याकडे आणि आपल्या पालकाकडे आळीपाळीने पाहिले. अनोळखी वस्तू दिसताच लहान मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते, तसाच हा प्रकार. बारी विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात रागाचा आवाज ऐकलेली मांजरे रागीट चेहऱ्याकडे, तर आनंदी आवाज ऐकलेली मांजरे हसऱ्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. चेहरा आणि स्वर यांची सांगड त्यांना घालता येते, असा याचा अर्थ.

मांजराच्या भावना समजून घेण्यात आपणच उणे पडतो. गुरगुर म्हणजे समाधान, हे नेहमीच खरे नसते. वेदनेत किंवा भीतीतही मांजर गुरगुरते. शेपटीचे झटके आणि मागे वळलेले कान म्हणजे ‘आता पुरे’ हा इशारा. तो न ओळखता आपण कुरवाळत राहतो आणि ओरखडा बसला की मांजराला कृतघ्न म्हणतो.

याहून घातक गैरसमज शिक्षेचा. नेहमीची जागा सोडून मांजर भलतीकडे लघवी करू लागले, की ‘राग काढते’ म्हणून त्याला मार बसतो. प्रत्यक्षात ते भेदरलेले किंवा आजारी असू शकते. विशेषतः बोका वारंवार जोर लावूनही लघवी करू शकत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. अशा वेळी तत्काळ पशुवैद्य गाठावा. उशीर त्याच्या जिवावर बेततो.

मांजराशी संवाद साधणे अवघड नाही. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात, माणसाने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली असता मांजरांनीही तसाच प्रतिसाद दिला. अनोळखी व्यक्तीने असे केल्यावर तिच्या पुढे केलेल्या हाताजवळ येण्याकडेही त्यांचा कल दिसला. तेव्हा मांजराचे मिटलेले डोळे ही दरवेळी लबाडीची खूण नसते. कित्येकदा ती विश्वासाची असते.