अठरा मीटरचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर

मे १९९२, बार्सिलोना. पेरी मॅकार्थी नावाचा एकतीस वर्षांचा इंग्रज गडी हेल्मेट चढवतो, फॉर्म्युला वनची गाडी पिटलेनमधून बाहेर काढतो आणि गाडी १८ मीटर जाऊन बंद पडते. संपलं! आपल्याकडे वरातीतली गाडीसुद्धा याहून लांब जाते.

या १८ मीटरसाठी पठ्ठ्याने काय काय केलं होतं! घरी पैसा बेताचा, म्हणून उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर राबून त्याने शर्यतींचा खर्च काढला. पुढे अमेरिकेत स्पोर्ट्स कार पळवल्या. मग कुठे फॉर्म्युला वनचं दार किलकिलं झालं. तेही सरळ नाही. ब्राझीलला पोचल्यावर सुपर लायसन्स, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायचा परवाना, मिळालं आणि लगेच काढूनही घेतलं गेलं. ते परत मिळवून तो स्पेनला आला, तर ही तऱ्हा.

चपलांचा मालक, गाड्यांचा संघ

संघाचं नाव आंद्रेया मोडा. मालक आंद्रेया सासेत्ती हा इटलीतला बुटांचा धंदेवाला. संघाचं नाव त्याच्या बुटांच्या ब्रँडचंच. त्याने कोलोनी नावाचा मोडकळीला आलेला संघ विकत घेतला आणि थाटात दक्षिण आफ्रिका गाठली. तिथे अधिकारी म्हणाले, संघ नवा आहे, एक लाख डॉलर अनामत भरा. सासेत्ती म्हणाला, नवा कसा, विकत घेतलाय! अधिकाऱ्यांनी सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. पुढची शर्यत मेक्सिकोत, पण तिथे गाड्याच जोडून झाल्या नव्हत्या. खिशात नाही दाणा अन् म्हणे बाजीराव म्हणा!

गाडीचा आराखडाही ताजा नव्हे. सिमटेक कंपनीने १९९० मध्ये बीएमडब्ल्यूसाठी केलेला आणि बासनात गेलेला आराखडा यांनी बाहेर काढला.

नकोसा जावई

आधीच्या दोन ड्रायव्हरांनी कुरकुर केली, म्हणून सासेत्तीने दोघांनाही काढलं आणि रॉबर्टो मोरेनो व मॅकार्थी यांना घेतलं. थोड्याच दिवसांत काढलेल्यांपैकी बर्टाज्जा प्रायोजकाचे पैसे घेऊन परत दारात उभा! सासेत्तीची कळी खुलली. पण वर्षभरात ड्रायव्हर किती वेळा बदलता येतात याला मर्यादा असते आणि ती संपली होती. पैसेवाला बाहेर राहिला, बिनपैशाचा गळ्यात पडला. मॅकार्थीला पुढे जी वागणूक मिळाली तिचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

त्या काळी गाड्या फार व्हायच्या. म्हणून छोट्या संघांना शुक्रवारी सकाळी तासाभराची चाळणी असे. त्यातून पार पडाल तर पात्रता फेरी, मग शर्यत. मॅकार्थीच्या चाळण्या बघा:

सिल्व्हरस्टोन, त्याची घरची शर्यत. ट्रॅक कोरडा आणि याच्या गाडीला पावसाळी टायर.

हंगेरी. सत्र संपायला ४५ सेकंद उरली असताना त्याला बाहेर सोडलं. एक वेगवान फेरी मारायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

कॅनडा. इंजिनंच पोचली नाहीत. मोरेनोसाठी ब्रॅबहॅम संघाकडून एक उसनं आणलं, मॅकार्थी बघत बसला. फ्रान्सला तर ट्रकवाल्यांच्या रास्ता रोकोमुळे संघच पोचला नाही; बाकी सगळे पोचले होते.

बेल्जियमचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथल्या स्पा ट्रॅकचं ओ रूज वळण म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा, आणि नेमकं तिथेच मॅकार्थीचं स्टिअरिंग अडकलं. कसाबसा वाचून तो परत आला तेव्हा कळलं की तो भाग सदोष असल्याचं संघाला आधीच ठाऊक होतं. त्याच स्पामध्ये सासेत्तीला बनावट बिलांच्या आरोपावरून पोलिसांनी पकडलं. पुढे इटलीत मोंझाला संघाला प्रवेशच मिळाला नाही. खेळाची बेअब्रू केली, हा ठपका.

तरी या संघाने एकदा शर्यत गाठली, बरं का. मोनॅकोत २६ जागा होत्या आणि मोरेनोने सव्विसावी पटकावली! अकरा फेऱ्यांत इंजिनाने मान टाकली, पण असल्या गाडीला तिथवर नेणं हा चमत्कारच. मॅकार्थीला त्या दिवशी तीन फेऱ्या मिळाल्या. अख्ख्या कारकिर्दीत त्याने फॉर्म्युला वनची एकही शर्यत सुरू केली नाही.

(दुबळ्या संघालाही कधी लॉटरी लागते. २००५ मध्ये इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीत १४ गाड्या मागे फिरल्या, धावल्या फक्त सहा. त्यात जॉर्डन संघाचा आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. पाच गुण! फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवलेला तो एकमेव भारतीय.)

तोंड झाकलं आणि नाव झालं

मॅकार्थीने आत्मचरित्र लिहिलं, 'फ्लॅट आउट, फ्लॅट ब्रोक'. वेग पुरेपूर, खिसा रिकामा, असा काहीसा अर्थ. मग २००२ मध्ये बीबीसीचा 'टॉप गियर' हा गाड्यांचा टीव्ही कार्यक्रम नव्याने सुरू झाला. त्यात काळ्या पोशाखातला, काळ्या हेल्मेटमधला, एक शब्दही न बोलणारा 'स्टिग' गाड्या तुफान पळवायचा. तो हाच! नाव आणि चेहरा लपवायचा करार केला तेव्हा कुठे लाखो लोकांनी त्याला गाडी चालवताना पाहिलं. पुढच्याच वर्षी वर्तमानपत्राने गुपित फोडलं आणि काळ्या स्टिगला एका विमानवाहू जहाजावरून जॅग्वारसकट समुद्रात 'बुडवून' कार्यक्रमाने निरोप दिला. पांढरा स्टिग त्याच्यानंतरचा.

त्याच २००३ सालच्या जूनमध्ये ले मॉंची चोवीस तासांची शर्यत होती. या वेळी संघ कडका नव्हता. ऑडी आर-८ गाडी, सोबतीला फ्रांक बिएला आणि मिका सालो. गाडी बिएलाच्या हातात होती. पेट्रोल भरायला आत वळायचं होतं, तो पिटचा फाटा चुकला, पुढच्या फेरीत टाकी कोरडी पडली आणि गाडी बाद. मॅकार्थीची पाळी आलीच नाही. बार्सिलोनापेक्षा अठरा मीटर कमीच.