ऊन गाळणारं यंत्र

एप्रिल-मे महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला दुपारी बाहेर पडायची सोय नसते. मिरची वाळवायला हे ऊन चांगलं, माणसाला नाही. पण याच उन्हाचा एक भाग आपल्यापर्यंत कधी पोचतच नाही. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ३०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे जवळजवळ सगळे किरण ओझोनचा थर वरच अडवतो. म्हणून आपण जगतो, आणि म्हणूनच सूर्याच्या वातावरणाचा बराच मजकूर जमिनीवरून वाचता येत नाही. तो वाचणारं, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं एक यंत्र आज पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. संपादकांनी ‘आदित्य’ या सूर्ययानावर लिहायला सांगितलं, तेव्हा यानावरच्या सात उपकरणांची यादी समोर घेतली आणि या एकापाशी थांबलो.

त्याचं नाव ‘सूट’, म्हणजे सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेने इस्रोच्या साथीने ते घडवलं. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे या प्रकल्पाचे प्रमुख. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी५७ या रॉकेटने ‘आदित्य-एल१’ उडालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. तिथे रात्र नाही, ग्रहण नाही. सूर्य अखंड समोर.

या सोयीचं मोल कळायला सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून देशात शिरली आणि तेव्हा निजामाकडे असलेला मराठवाडा ओलांडून विदर्भाकडे गेली. वाटेत सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी मांडून सज्ज होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाची आणि वर्णपटाची छायाचित्रं घेतली. सूर्याच्या वातावरणाचा बराचसा अभ्यास तेव्हा असा ग्रहणाच्या मेहेरबानीवर चालायचा.

त्या वातावरणातलं कोडं आजही पुरतं सुटलेलं नाही. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, त्या दीप्तिगोलाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. त्यावर वर्णगोलाचा पातळ थर आणि सगळ्यात बाहेर प्रभामंडल. चुलीपासून लांब जावं तशी धग कमी व्हायला हवी, पण प्रभामंडलाचं तापमान दहा लाख अंशांच्याही वर जातं. इतकी ऊर्जा वर पोचते कशी? ती जाते वर्णगोलातूनच. वर्णगोलातले मॅग्नेशियमचे आयन २८० नॅनोमीटरच्या आसपास दोन ठळक रेषांमध्ये चमकतात आणि तिथली उलथापालथ त्या रेषांत उमटते. नेमका हाच पट्टा ओझोन गिळून टाकतो.

‘सूट’ची रचना मी वाचायला घेतली, ती मोठा आरसा आणि मोठी भिंगं असतील अशा समजुतीने. आरसा निघाला अवघा १४ सेंटिमीटर व्यासाचा. यंत्राची खरी करामत आहे प्रकाश नाकारण्यात. दुर्बिणीच्या तोंडावर एक औष्णिक फिल्टर बसवलेला आहे. दृश्य प्रकाश आणि उष्णता तो बाहेरच ठेवतो आणि हव्या त्या अतिनील प्रकाशातलाही अर्ध्या टक्क्याहून कमी भाग आत सोडतो. एवढं नाकारलं नाही, तर आतली सगळी जुळणी तापून बिघडेल.

त्याच्या पुढे आहेत दोन फिल्टरचाकं, एकामागे एक. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले ११ वेगवेगळे फिल्टर त्यांवर बसवलेत. त्यांतले आठ अगदी अरुंद पट्टा घेणारे, तीन रुंद. अडचण अशी की या पट्ट्यात सूर्याची प्रखरता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अनेक पटींनी वाढते. एक चित्र अंधारं आणि दुसरं जळालेलं, असं होऊन चालत नाही. म्हणून दोन चाकांवरच्या काचांच्या जोड्या जमवून प्रत्येक रंगाला त्याच्या मापाचा प्रकाश दिला जातो. चाक फिरतं, जोडी जुळते, शटर उघडतं, मिटतं, पुन्हा चाक फिरतं. शेवटी प्रकाश ज्यावर पडतो, तो चित्र टिपणारा सीसीडी उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गार ठेवलेला असतो, कारण उष्णतेने उठणारे खोटे संकेत चित्रात मिसळता कामा नयेत. ऊन गाळण्याची ही कारागिरी मला यानाच्या साऱ्या प्रवासापेक्षा मोठी वाटते.

तिचं फळही मिळालं. डिसेंबर २०२३मध्ये ‘सूट’ने या पट्ट्यातली संपूर्ण सूर्यबिंबाची चित्रं पाठवली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक्स६.३ तीव्रतेची सौरज्वाला उसळली, तेव्हा वातावरणाच्या खालच्या थरांत ती कशी उजळली, हे त्याने टिपलं. त्याच वर्षी मे महिन्यात सौर वादळामुळे लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं. अशा वादळांचा फटका उपग्रहांना आणि वीजजाळ्यांना बसू शकतो, म्हणून त्यांचं मूळ कळणं गरजेचं आहे.

पण काळजीच्या गोष्टीही आहेत. अतिनील दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे वाफ. रंग, गोंद, वायरींची आवरणं यांतून पोकळीत सूक्ष्म वाफा निघतात आणि सगळ्यात गार पृष्ठभागावर जाऊन बसतात. सगळ्यात गार असतो तो सीसीडीच. डोळ्यांना दिसणारही नाही असा थर अतिनील प्रकाश शोषू लागतो. त्यासाठी जुळणी कमालीच्या स्वच्छ खोलीत करावी लागते, आणि तरीही वर्षागणिक यंत्राची नजर किती मंदावली याचा हिशेब ठेवावाच लागतो. फिल्टर अखंड उन्हात, सीसीडीवर सौर कणांचा मारा आणि दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. मोहिमेचा नियोजित काळ पाच वर्षांचा.

दुसरी मर्यादा स्वभावातलीच आहे. ‘सूट’ चित्र काढतं, वर्णपट काढत नाही. मॅग्नेशियमची रेषा किंचित निळ्या बाजूला सरकली, तर वायू आपल्याकडे येतोय. लाल बाजूला सरकली, तर दूर जातोय. हा वेग वर्णपटमापकच सांगू शकतो. अमेरिकेचं ‘आयरिस’ यान २०१३पासून याच रेषांचे वर्णपट घेतं, पण अरुंद फटीतून, बिंबाच्या छोट्या तुकड्याचे. एकाला सगळा सूर्य दिसतो, पण वेग दिसत नाही; दुसऱ्याला वेग दिसतो, पण सगळा सूर्य नाही. दोघांचं एकत्र वाचन व्हायला हवं, आणि पुढच्या भारतीय मोहिमेवर अतिनील वर्णपटमापक असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी अडचण आपल्या हातातली आहे. ‘आदित्य’ची निरीक्षणं ६ जानेवारी २०२५पासून इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत, ‘प्रदान’ या संकेतस्थळावर ती मिळतात. ती वाचायला दुर्बीण लागत नाही. संगणक, चिकाटी आणि मार्गदर्शन लागतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, लातूर-धर्माबादकडच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एमएस्सीच्या एखाद्या विद्यार्थ्याला तरी यंदा हा प्रकल्प द्यावा. यंत्र थकण्याआधी हे काम सुरू झालं पाहिजे.